आधी वरचा की खालचा

मला लहानपणापासून कुणाचा भरवसा वाटत नाही. आई म्हणायची, ही पोरगी देवाच्या प्रसादाचाही आधी वास घेईल. मी घेतही असे. दुकानातला गूळ, पेंडीचं पोतं, पाहुण्यांचं गोड बोलणं, सगळ्यात मला काहीतरी मिसळलेलं दिसायचं. वाईट एवढंच की माझा संशय अधूनमधून खरा निघायचा. दहातला एक खरा निघाला की उरलेले नऊ पोसायला माणसाला बळ येतं. माझ्या थोरल्या मुलीच्या पहिल्या दाताच्या वेळी मी असे पुष्कळ पोसले होते.

ती सात महिन्यांची होती. तलवाड्याच्या पुढे आमचं गाव, आणि त्या वर्षी पाऊस आमच्या शिवाराला विसरूनच गेला होता. आमचे मालक आणि माझा भाऊ एकाच टोळीत ऊस तोडायला कारखान्यावर गेलेले. लेकरू लहान म्हणून मला मागे ठेवलं होतं. घरात मी, मुलगी, दोन गाई, एक म्हैस आणि आत्याबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणतात. विहिरीचा तळ दिसायला लागला तशी दूध सोसायटीने माळावर जनावरांची छावणी उघडली. कारखान्यावरून ट्रकने उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, यायचे, टँकरने पाणी यायचं, आणि सकाळ-संध्याकाळ सोसायटीचा माणूस दूध मापून न्यायचा. जनावरं तिकडे म्हटल्यावर माणसांनाही तिकडेच जावं लागलं. ताडपत्री आणि पोत्यांचा आडोसा करून आम्ही दावणीशेजारीच संसार मांडला.

छावणीत पाणी जनावरांना आधी, माणसांना मागून. घरटी दोन हंडे मिळायचे. त्यात पिणं, भाकरीचं पीठ मळणं, लेकराची लंगोटी. भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची. हात धुणं म्हणजे पदराला पुसणं, अशी सवय आठ दिवसांत सगळ्यांच्या अंगवळणी पडली. मला तर त्याचं काही वाटेनासंही झालं.

मी रोजगार हमीच्या कामावर जायची. माळाच्या पलीकडे पाझर तलावातला गाळ काढायचं काम होतं. सकाळी लेकरू पाजून जायची, दुपारच्या सुट्टीत पाजायला यायची, पुन्हा जायची, दिवस कलताना परत. दिवसभर मुलगी आत्याबाईंपाशी. परत आले की आडोशाला टेकून मी मिश्री लावत बसायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि बोटाने दातांना चोळायची. आमच्याकडे बाया चहाआधी मिश्री शोधतात. मी लग्नाआधीपासून लावत होते आणि आत्याबाई माझ्या जन्माआधीपासून. पत्र्याची एकच डबी होती, पितळी झाकणाची. दोघींत तीच चालायची, आणि खरं सांगायचं तर दोघींत तेवढंच काय ते एकमताचं होतं.

आमच्यात मानतात की लेकराला आधी खालचे दात यावेत. वरचे आधी आले तर मामाला जड जातं. मला भाऊ एकच, आणि तो दिवसभर कोयता हातात घेऊन उसाच्या फडात. मुलीची लाळ गळायला लागली, मुठी तोंडात जायला लागल्या, तसा तो कोयता माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. माझा यावर विश्वास होता का, असं कुणी विचारलं तर मी निम्मा म्हणेन. पण निम्मा विश्वास फार छळतो. पुरा असता तर काही उपाय करून मोकळी झाले असते, नसता तर निवांत झोपले असते. मी आपली रोज लेकराच्या तोंडात बोट घालून हिरड्या चाचपायची. आधी वरची, मग खालची, मग पुन्हा एकदा वरची. तेही आत्याबाई वैरण टाकायला गेल्या की. त्यांनी बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या, हिचा जीव अजून माहेरात अडकलाय. आणि वरचा दात आधी आलाच, तर त्या माझ्या माहेराबद्दल काय काय बोलतील याचीही मी मनातल्या मनात उजळणी करून ठेवली होती.

छावणीत जाऊन पंधरा दिवस झाले असतील, लेकराचं काहीतरी बिनसलं. दात येताना लेकरं रडतात, किरकिर करतात, ढाळ लागतात, हे मला ठाऊक होतं. ही रडेना. ही नुसती पडून राहायची. संध्याकाळी तर विशेष. पाजायला घेतली की चार घोट घ्यायची आणि मान टाकायची. कधी प्यालेलं सगळं ओकायची. लाळ इतकी की झबलं पोटापर्यंत ओलं. डोळे अर्धे उघडे, आणि हाक मारली तर उशिरा इकडे वळायचे. लेकरू हातचं जाणार असं मला वाटायला लागलं, आणि ते मला कुणापाशी बोलता येईना.

मग मी माझं नेहमीचं काम सुरू केलं. आधी उसावर संशय घेतला. आत्याबाई वाड्यांबरोबर आलेल्या उसाचं कांडं सोलून लेकराला चावायला देत. हिरड्यांना बरं वाटतं म्हणत. उसावर कसलं औषध मारलेलं असेल, असं म्हणून मी ते बंद करवलं. मग टँकरच्या पाण्यावर संशय घेतला, पाणी उकळून गाळून देऊ लागले. मग दुधावर. वरचं दूध म्हणून गाईचं चमचाभर देत होतो, ते थांबवलं. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या गाईचं दूध. तिनं काय केलं तुजं?"

"गाय न्हाई, पेंड खराब हाय तिची," मी म्हणाले. "सोसायटी काय खाऊ घालती, कुनाला ठावं."

"मग तीच पेंड खाऊन म्हस कावून झोपत न्हाई?"

म्हैस ठणठणीत होती.

खरं बीज पेरलं ते शेजारच्या दावणीच्या बाईने. टँकरच्या रांगेत मी तिला सांगितलं की लेकरू लई झोपतंय. ती डोळे बारीक करून हसली. म्हणाली, "म्हातारीपाशी ऱ्हातंय न्हवं? मग झोपंलच की. हिरडीला उलीशी मिश्री लावली की लेकरू दिसभर गप. आमच्या आजीनं समदे असेच वाढीवले." आणि हंडा उचलून ती चालती झाली.

माझ्या डोक्यात एकदम सगळं जागच्या जागी बसलं. आत्याबाईंचे गुडघे दुखतात. तीन जनावरं आणि एक लेकरू. लेकरू निजलं की सुटका. का नाही लावणार? मी त्या दिवसापासून त्यांच्यावर डोळा ठेवला. दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत मी मुद्दाम लवकर आले, चप्पल हातात घेऊन मागच्या बाजूने आले आणि पोत्याच्या फटीतून पाहिलं. आत्याबाई मांडी घालून बसल्या होत्या. लेकरू मांडीवर उताणं. डाव्या हाताने त्यांनी लेकराची हनुवटी धरली होती आणि उजवं बोट कशात तरी गुंडाळून त्याच्या तोंडात फिरवत होत्या. सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, जशी मिश्री लावतात तसंच.

मी तिथेच ओरडायला हवं होतं. पण संशयी माणसाला पकडण्यापेक्षा पुरावा जमवण्यात जास्त गोडी असते. मी खाकरले, आत गेले, लेकरू पाजलं आणि जाताना मिश्रीची डबी गुपचूप कनवटीला लावली. हत्यारच काढून घेतलं म्हणा. संध्याकाळी आत्याबाईंनी इकडे तिकडे शोधलं. चुलीमागे पाहिलं, गोधडी झटकली. मग माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "काय हुडकताय?"

"काई न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी डबी मागितली नाही. मी दिली नाही. पन्नास वर्षांची सवय एका दिवसात तुटली की काय होतं ते मी पुढे आठ दिवस पाहिलं. डोक्याला फडकं घट्ट बांधून त्या वैरण टाकत. हात कापत. भाकरीचा घास तोंडात फिरत राही. मला दया आली नाही. उलट प्रत्येक वेळी मनात म्हणायची, बघा, माझ्या लेकराला कसं वाटत असेल. शेजारीण दोनदा आपली डबी पुढे करायला आली, तिलाही मी वाटेतूनच परतवलं.

आणि लेकरू बरं होईना. जास्तच बिघडलं. डबी आता दिवसभर माझ्यापाशी असायची, काळजीने जीव टांगलेला, म्हणून मी सकाळी लावायची, कामावर गाळाची पाटी उतरवली की लावायची, दुपारी लेकराकडे येताना वाटेत लावायची. बोट पदराला पुसून आधी हिरड्या बघायची, मग पाजायची. दिवसातून तीन तीन वेळा. भावाच्या काळजीने आता लेकराच्या काळजीशी हातमिळवणी केली होती. दुपारीही लेकरू पेंगायला लागलं. माझी खात्रीच पटली की म्हातारीने दुसरी डबी पैदा केली आहे.

आठवड्यातून एकदा उपकेंद्राच्या नर्सबाई छावणीत येत. सोसायटीच्या दूध मापायच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या बसत, आणि बाया लेकरं घेऊन रांग लावत. त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. आत्याबाईंनाही मुद्दाम बरोबर घेतलं. नर्सबाईंनी मुलीला झोळीच्या काट्याला टांगलं, आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मागच्या खेपेपेक्षा वजन उतरलं होतं. मग त्यांनी लेकराचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला. समोरची हिरडी मला त्या उजेडात पहिल्यांदा नीट दिसली. एरवी मी फक्त चाचपत होते, कधी पाहिलीच नव्हती. हिरडीवर पांढुरकं, सोलल्यासारखं झालं होतं आणि कडेने तपकिरी रेघ.

"हे कशानं झालं?" नर्सबाईंनी विचारलं.

मी याच क्षणाची वाट बघत होते. सगळी रांग ऐकेल अशा आवाजात सांगितलं, "मिश्री लावत्यात हिला. आमच्या आत्याबाई. म्या माज्या डोळ्यांनी बघितलं."

आत्याबाईंचं तोंड पांढरं पडलं. कमरेच्या पिशवीतून त्यांनी एक पुरचुंडी काढली आणि नर्सबाईंच्या टेबलावर सोडली. आत जुन्या धोतराचे पांढरे तुकडे होते, बोटाएवढे, सुकलेले. प्रत्येकावर तपकिरी डाग.

"ह्ये बगा बाई," त्या नर्सबाईंना म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "रोज वल्या फडक्यानं तोंड पुशिते मी लेकराचं. रोज असं निगतंय. ठिवून दिले. लावतंय कोन ते म्या इचारलं न्हाई."

नर्सबाईंनी एक तुकडा नाकाशी नेला. मग आम्हा दोघींना म्हणाल्या, "हात दाखवा. दोघीही."

आत्याबाईंनी हात पुढे केला. गुडघ्यांसारखीच वाकडी झालेली बोटं, पण नखं स्वच्छ. आठ दिवसांत डाग निघून गेले होते. मग मी माझा हात पुढे केला, कसलीही शंका न येता. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट. नखाच्या कडा काळ्या, पेराच्या घड्यांत काळं, टोकाला तपकिरी.

"तू हिच्या तोंडात बोट घालतेस?" नर्सबाईंनी विचारलं.

"दात बगायला. आदी वरचा येतोय का खालचा, ते."

"मिश्री लावून?"

"लावून न्हाई," मी म्हणाले. "लावल्यावर."

तोंडातून शब्द गेला आणि मग तो माझ्या कानात आला. मी बोटाकडे पाहिलं. पदराकडे पाहिलं, पदराच्या टोकालाही तसाच डाग होता. चोर शोधायला निघालेली मी, चोर माझ्याच हाताला चिकटून हिंडत होता. मला त्या शेडमधून उठून कुठेतरी जावंसं वाटलं, पण लेकरू टेबलावर होतं.

नर्सबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, तंबाखू आहे ती, एवढ्याशा जिवाला पेरभर सुद्धा जास्त होते. आणि नुसतं बोट धुऊन भागणार नाही. अंगावर पाजतेस, दुधातूनही उतरतं, तेव्हा मिश्री सोडायची. हिरड्या पुसायच्या त्या पाजून झाल्यावर, स्वच्छ ओल्या फडक्याने, हलक्या हाताने, म्हातारी पुसते तशा. आणि लगेच गेवराईला डॉक्टरांना दाखवायचं. म्हातारी पुसते तशा, हे त्या दोनदा म्हणाल्या. मला एकदाच पुरलं होतं.

डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, वेळेवर आणलंत म्हणाले. परतीच्या जीपमध्ये लेकरू आत्याबाईंच्या मांडीवर होतं. मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. मग विचारलं, "तुमाला कळलं हुतं, तर मला बोललात कावून न्हाई?"

"कळलं कुटं हुतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लेकरू निजावं, कामावर जाता यावं, म्हनून तूच लावतीस. डबी घिऊन गेलीस तवा तर पक्कंच वाटलं. पर तुजं लेकरू. तुला कसं म्हनावं? म्हनून तुकडे ठिवले. तुजा मालक आला की त्याला दावनार हुते."

म्हणजे मी फटीतून त्यांच्यावर डोळा ठेवून होते आणि त्या फडक्यात माझे पुरावे बांधत होत्या. महिनाभर एकाच ताडपत्रीखाली दोघींनी एकमेकींना चोर ठरवलं, आणि दोघीही एकाच लेकरासाठी. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

छावणीत आल्यावर आत्याबाईंनी हंड्यातून तांब्या भरला. त्या दिवसाचं प्यायचं पाणी होतं ते. मला बाहेर दावणीपाशी बोलावलं आणि म्हणाल्या, "हात धर." मी चुलीतली राख बोटाला लावली आणि त्यांनी पाणी ओतलं. सगळा तांब्या. मी मध्येच हात मागे घेतला, म्हटलं, पुरे, प्यायला काय ठेवणार. त्यांनी मनगट धरून हात पुन्हा पुढे ओढला आणि उरलेलंही ओतलं. एवढं पाणी माझ्या एका हातावर पडलेलं मी त्या वर्षात पहिल्यांदा पाहिलं. लेकराचं तोंड पुसायचं फडकं त्या ज्या पाण्यात भिजवत, तेही त्यांच्याच पिण्याच्या वाट्याचं होतं, हे मला तेव्हा समजलं. मी हंड्यातल्या पाण्याचा थेंब न् थेंब मनात मोजत असे, आणि हे मात्र माझ्या नजरेला कधी पडलं नव्हतं.

डबी मी त्याच दिवशी छावणीच्या उकिरड्यात टाकली. पुढचे दिवस मीही डोक्याला फडकं बांधून काढले. आत्याबाई बघायच्या आणि मान हलवायच्या. फक्त एकदा म्हणाल्या, "आता कळतंय का?" कळत होतं. लेकरू मात्र हळूहळू डोळे उघडून बघायला लागलं. मग पोटभर प्यायला लागलं, मग रडायला लागलं. ते पहिल्यांदा भोकाड पसरून रडलं तेव्हा शेजारीण ओरडली, लेकराला गप करा की. आम्ही दोघींनी तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की ती पुन्हा बोलली नाही.

दात बघायचं काम आता आत्याबाईंकडे होतं. मी मूठ वळून बसायची. भावाचं काय ते मी त्यांना सांगून टाकलं होतं. त्या हसल्या नाहीत, की माहेराबद्दलही काही बोलल्या नाहीत. रोज सकाळी फडकं फिरवून झालं की नुसतं म्हणत, "न्हाई अजून." एका सकाळी त्यांनी फडकं फिरवता फिरवता हात थांबवला. पुन्हा तिथेच फिरवला. माझ्याकडे पाहिलं.

"खालचा हाय," त्या म्हणाल्या. "ये, बग."

मी जागची हलले नाही. म्हटलं, तुम्ही सांगितलं, बास. त्यांनी माझा हात धरला, मूठ सोडवली, आणि ते बोट आधी स्वतःच्या नाकाशी नेलं. एकदा हुंगलं. उलटं करून नखाकडून पुन्हा हुंगलं. मग स्वतःच्या हाताने ते लेकराच्या खालच्या हिरडीवर नेऊन टेकवलं. तिथे तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचत होतं. लेकराने ते बोट दोन्ही हातांनी धरलं आणि चावलं, आणि मी ते काढून घेतलं नाही.